न दिसणाऱ्या दोषाची अमानत

शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात मालवाहू वाहन हे केवळ वाहन नसते. ते एका कुटुंबाची चूल असते. परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत हे चित्र सारखेच दिसते. मानवत-सेलूच्या बाजाराकडे निघालेला कापूस, मोंढ्यावर उतरणारे सोयाबीन आणि तूर, आठवडी बाजाराची भाजी, शेळ्या-बोकडे, लग्नघरचा मंडप, बांधकामाचे सिमेंट, हे सारे ज्या छोट्या गाड्यांच्या हौद्यातून इकडून तिकडे जाते, त्यांना आपण पिकअप म्हणतो, कोणी छोटा हत्ती म्हणतो. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राबलेल्या तरुणाच्या मनात एकच इच्छा घर करून असते, की कधीतरी हे स्टिअरिंग आपल्या मालकीचे व्हावे.

नवे वाहन बहुधा कर्जावर येते आणि कर्जाच्या पाठोपाठ व्याज येते. सूरह अल्-बकराच्या 275 ते 279 या आयतींमध्ये व्याजाविषयी दिलेला कठोर इशारा ज्याने मनापासून ऐकला आहे, तो तरुण या वाटेने जाण्यास कचरतो. मग साठवलेली मजुरी, आईने मोडून दिलेला दागिना आणि एखाद्या आप्ताने दिलेले कर्ज-ए-हसना एकत्र करून तो दहा-बारा वर्षे वापरलेली जुनी पिकअप विकत घेतो. त्याचा हा निर्णय स्तुत्य आहे. परंतु व्याज टळले म्हणजे व्यवहार पूर्णपणे शुद्ध झाला, असे समजणे योग्य नाही. पैसा कोठून आला, या प्रश्नाचे उत्तर त्याने चोख दिले आहे. त्या पैशाने जी वस्तू हाती आली तिचे हक्क कोणते, हा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि तो गॅरेजमध्ये उभा राहतो.

समजा, अशी एक गाडी मिस्त्रीच्या हाती आली. रंग नवा आहे, मीटरवरील आकडा समाधानकारक आहे. मिस्त्री गाडीखाली शिरतो, बॅटरीचा उजेड पाडतो आणि सांगतो की चेसिसला तडा आहे. कोणीतरी तो वेल्डिंग करून, वर लांबी भरून आणि रंग मारून झाकला आहे. ब्रेकचे लायनर संपत आले आहेत. इंजिनाची अवस्था पाहता मीटर मागे घेतलेले दिसते. नव्या मालकाने अजून पहिले भाडेही मारलेले नाही. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. विकणाऱ्याकडे जाऊन न्याय मागावा. किंवा नुकसान सोसून गाडी खरोखर दुरुस्त करावी. किंवा तडा पुन्हा झाकून, रंगाचा आणखी एक हात मारून, ज्या भावाने घेतली त्याच भावाने ती दुसऱ्याच्या गळ्यात घालावी. तिसरी वाट सर्वांत सोपी आहे आणि तिच्या समर्थनार्थ एक युक्तिवादही तयार असतो: "हा दोष मी केलेला नाही. मी घेतली तशी विकली."

या लेखात या युक्तिवादाचा विचार करायचा आहे. जो दोष आपण निर्माण केला नाही, ज्याची किंमत आपण स्वतः फसून मोजली आहे, त्याची जबाबदारी आपल्यावर येते काय?

पावसाने भिजलेले धान्य

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसिद्ध हदीस आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. त्यांनी विचारणा केली असता विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले, की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही; आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले.

ही हदीस आपण अनेकदा ऐकतो, पण तिच्यातील एका तपशिलाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या विक्रेत्याने धान्यावर पाणी शिंपडले नव्हते. पाऊस आकाशातून पडला होता. ओल हा त्याचा अपराध नव्हताच. काढणीच्या वेळी पावसात सापडलेले सोयाबीन मोंढ्यावर आणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे अधिक चांगले कळेल. तरीही प्रेषितांनी (स.) त्याला निरपराध ठरवले नाही, कारण प्रश्न ओल कोणी आणली हा नव्हता, ओल असल्याचे कळल्यानंतर ती ढिगाच्या आत कोणी ठेवली, हा होता.

यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दोष लोखंडात असतो, पण तो लपवण्याचे पाप जाणणाऱ्याच्या मनात असते. जोवर नव्या मालकाला तड्याची माहिती नव्हती, तोवर तो मजलूम होता, अन्याय सोसणारा होता. मिस्त्रीच्या बॅटरीचा उजेड त्या तड्यावर पडला त्या क्षणी त्याची स्थिती बदलली. आता तो एका माहितीचा अमीन आहे. ज्ञान हीसुद्धा अमानत आहे, आणि पुढच्या ग्राहकाचा तिच्यावर हक्क आहे.

फसवलेल्या माणसाचे अधिकार आणि मर्यादा

इस्लामी शरीअत फसवल्या गेलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही. फिकहच्या ग्रंथांत 'खियार-ए-ऐब' नावाचे स्वतंत्र प्रकरण असते. विक्रीच्या वेळी वस्तूत दोष होता आणि ग्राहकाला तो ठाऊक नव्हता, तर व्यवहार मोडण्याचा त्याला अधिकार आहे. विकण्यापूर्वी जनावराचे दूध न काढता कास तुंबवून ठेवण्याची युक्ती आपल्या गुरांच्या बाजारात ठाऊक आहे, ती अरबस्तानातही ठाऊक होती आणि प्रेषितांनी (स.) तिला स्पष्ट मनाई केली. त्या हदीसच्या तपशिलांवरून फिकहकारांत मतभेद आहेत, पण ही युक्ती गैर असण्याबद्दल मतभेद नाही. मीटर मागे घेणे हे कास तुंबवण्याचेच आजचे रूप होय. म्हणून आपल्या तरुणाने विकणाऱ्याकडे जावे, चार जाणत्या माणसांना मध्ये घालावे, आपला हक्क मागावा. हक्क मागणे हे संयमाच्या विरुद्ध नाही.

विकणारा म्हणेल, "जशी आहे तशी या बोलीवर दिली होती." हनफी फिकहनुसार विक्रेता सर्व दोषांच्या जबाबदारीतून मुक्त राहण्याची अट घालू शकतो आणि ग्राहकाने ती मान्य केली तर नंतर त्याचा दावा चालत नाही. परंतु आपल्या फिकहकारांनी 'कजा' आणि 'दियानत' असा एक मोलाचा भेद केला आहे. काजीसमोर काय सिद्ध होते ही एक गोष्ट, आणि अल्लाहसमोर काय उत्तर द्यावे लागेल ही दुसरी. अटीमुळे दावा संपतो; पण माहीत असलेला तडा लांबी भरून झाकण्याची परवानगी त्या अटीतून मिळत नाही. जो काजीसमोर सुटला, तो न्यायदिनीही सुटला असे मुळीच नाही.

आणि समजा, विकणारा नामानिराळा झाला, पैसे परत मिळाले नाहीत, तर? तेव्हा खरी कसोटी सुरू होते. आपली फसवणूक करणाऱ्याचीही आपण फसवणूक करू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आली आहे. येथे तर ज्याला गाडी विकायची तो फसवणाराही नाही; तो त्रयस्थ आहे, कदाचित आपल्यासारखाच पहिल्यांदा मालक होऊ पाहणारा एखादा चालक. 1869 ते 1876 या काळात उस्मानी राज्यात सिद्ध झालेल्या 'मजल्ला' या संहितेत फिकहची जी मूलतत्त्वे नोंदवली आहेत, त्यांत एक असे आहे की एका हानीचे निवारण तशाच दुसऱ्या हानीने करता येत नाही. गरज आणि नाइलाजाचा आधार घेणाऱ्यासाठीही तेथे उत्तर आहे: नाइलाज दुसऱ्याचा हक्क रद्द करीत नाही. आईचा दागिना गेला हे दुःख खरे आहे. पण त्या दुःखाची भरपाई दुसऱ्या आईच्या दागिन्यातून करण्याचा अधिकार कोणी दिला?

एक आक्षेप असा घेतला जातो, की जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्वच विक्रेते काहीतरी लपवतात, हे सर्व ग्राहकांना माहीत असते. संशयाची किंमत भावात आधीच वजा झालेली असते. मग एकट्याने खरे बोलून नुकसान का सोसावे? हा आक्षेप पोकळ नाही. पण त्यात दोन गोष्टी सुटतात. ग्राहक भाव पाडतो तो सर्वसाधारण संशयापोटी. या विशिष्ट तड्याची त्याला कल्पना नसते आणि म्हणून त्याची संमतीही नसते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ब्रेक निकामी झाल्यास किंवा चेसिस मोडल्यास ज्याचा जीव जाईल, तो या सौद्यात सहभागीच नव्हता. रस्त्याच्या कडेने शाळेत जाणारी मुलगी, हौद्यात बसलेला हमाल, समोरून येणारा दुचाकीस्वार, यांच्यापैकी कोणालाही भावात सवलत मिळालेली नाही. दोघांनी आपसांत करार करून तिसऱ्याचा हक्क बुडवता येत नाही.

खरे बोलल्याने नुकसान होते, हे मात्र मान्य केले पाहिजे. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांनी आपल्या भागीदाराकडे माल पाठवताना एका कापडातील दोष कळवला आणि ग्राहकाला तो सांगण्याची सूचना दिली. भागीदार विसरला आणि ग्राहक कोण होता हेही कळेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची रक्कम दान करून टाकली. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी 300 दिरहमांत एक घोडा ठरला होता. घोडा अधिक मोलाचा आहे हे पाहून ते स्वतः विकणाऱ्याकडे गेले आणि भाव वाढवत 800 पर्यंत नेला, कारण प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा त्यांनी प्रेषितांपुढे (स.) केली होती. या दोघांचाही व्यवहारात तोटाच झाला. खरेदी-विक्रीत खरे बोलणाऱ्या आणि दोष उघड करणाऱ्या दोन्ही पक्षांना बरकतचे आश्वासन बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसमध्ये आहे. पण बरकत म्हणजे जास्त भाव नव्हे. ज्या कमाईचा हिशेब देताना मान खाली घालावी लागत नाही, ती कमाई थोडी असली तरी बरकतची आहे.

दुरुस्तीचा क्रम

आता समजा, त्या तरुणाने दुसरी वाट निवडली. गाडी ठेवायची आणि नीट करायची. हाताशी पैसा थोडा आहे आणि कामे अनेक. कोठून सुरुवात करावी? हा प्रश्न मिस्त्रीचा वाटतो, पण तो नीतीचाही आहे.

इमाम गजाली (रह.) आणि त्यांच्यानंतर ग्रॅनाडाचे इमाम शातिबी (रह.) यांनी शरीअतच्या उद्दिष्टांची तीन पायऱ्यांत मांडणी केली आहे: जरूरियात, म्हणजे ज्यांच्याविना जीवनच धोक्यात येते, हाजियात, म्हणजे ज्यांच्याविना जगणे अवघड होते, आणि तहसीनियात, म्हणजे ज्यांनी जगण्याला शोभा येते. ही मांडणी गॅरेजमध्ये घेऊन जाऊ. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, टायर, चेसिस, मागचे-पुढचे दिवे ही जरूरियात. कारण ती जीवरक्षणाशी निगडित आहेत. इंजिन, क्लच, झिजलेले पाटे, ताडपत्री ही हाजियात. ती नसतील तर कमाई घटेल. रंग, चकाकत्या पट्ट्या, गाणी वाजवणारे यंत्र, काचेवर झोकदार अक्षरांत लिहिलेले 'माशाअल्लाह' ही तहसीनियात.

प्रत्यक्षात अनेकदा हा क्रम उलटा होतो. पहिली रक्कम रंगावर जाते, कारण रंग मोहल्ल्याला दिसतो. ब्रेकचे लायनर ड्रमच्या आत असतात. त्यांच्यासाठी कोणी मुबारकबाद देत नाही. येथे दुरुस्तीचा प्रश्न नियतीशी, म्हणजे अंतःकरणातील हेतूशी, येऊन भिडतो. हजरत जिब्रील (अ.) यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये 'एहसान' या अवस्थेचा अर्थ असा सांगितला आहे की माणसाने अल्लाहला जणू आपण पाहत आहोत अशी उपासना करावी, आपण त्याला पाहू शकत नसलो तरी तो आपल्याला पाहत आहे. ड्रमच्या आतले काम ही या एहसानची कसोटी आहे. तेथे पाहणारा तो एकटाच असतो.

शोभा निषिद्ध नाही. सूरह अन्-नहलच्या आठव्या आयतीत घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख करताना त्यांच्यावर स्वार होण्याबरोबर त्यांच्या शोभेचाही उल्लेख आहे. शोभेला तिची जागा आहे, एवढेच. ती जीवरक्षणाच्या आधी येत नाही. आणि जे 'माशाअल्लाह' आपण काचेवर लिहितो, त्याला साजेसे ब्रेक चाकात असले पाहिजेत.

कुरआनने लोखंडी कारागिरीची शिकवणही दिली आहे. सूरह सबाच्या दहाव्या-अकराव्या आयतींत हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचे सांगून, चिलखताच्या कड्या अचूक मापाने जोडण्याचा आणि त्याचबरोबर सत्कर्म करण्याचा आदेश दिला आहे. कडी मापात बसवणे आणि सत्कर्म एकाच आयतीत यावे, हे विचार करण्यासारखे आहे. आपल्या जिल्ह्याविषयी गमतीने म्हटले जाते, बनी तो बनी, नहीं तो परभणी. गप्पांच्या फडात ही म्हण शोभते. पण ब्रेकचा पाइप तारेने आवळून "चालतंय" म्हणणाऱ्याने ती आपले धोरण करू नये.

उंटाचा दोर

एका गृहस्थाने प्रेषितांना (स.) विचारले होते, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? उत्तर मिळाले, की आधी बांध, मग भरवसा ठेव. तिर्मिजीमधील ही हदीस प्रत्येक चालकाच्या ओठांवर असते. प्रवासाला निघताना आपण जी दुआ म्हणतो, ती सूरह अज्-जुखरुफमधून आली आहे. वाहन आपल्या अधीन केले ते अल्लाहने, आपली तेवढी शक्ती नव्हती, आणि आपल्याला त्याच्याकडेच परतायचे आहे, असा तिचा आशय आहे. प्रवासाच्या आरंभीच परतीची आठवण करून देणारी ही दुआ म्हणजे एक प्रकारे कबुली आहे, की हे यंत्र माझ्या हाती सोपवलेले आहे.

भुकेने पोट पाठीला लागलेला उंट पाहून प्रेषितांनी (स.) मुक्या जनावरांबाबत अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले होते. लोखंडाला वेदना नाहीत, हे खरे. पण क्षमतेबाहेर लादलेल्या गाडीचा भार अखेर माणसाच्याच अंगावर पडतो. हौदा मालासाठी असतो. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे, लग्नाचे वऱ्हाड, शेतमजूर बायका त्यात दाटीवाटीने बसवल्या जातात, तेव्हा प्रत्येक वळणावर वीस-पंचवीस जिवांची अमानत एका जुन्या टाय रॉडवर लटकत असते. सूरह अन्-निसाच्या 92 व्या आयतीत अजाणता झालेल्या हत्येसाठीही दियत आणि प्रायश्चित्त सांगितले आहे. "मी मुद्दाम केले नाही" एवढे म्हणून जीव गेल्याची जबाबदारी संपत नाही. मग ज्याला ब्रेकची अवस्था ठाऊक होती, त्याने ते अजाणता घडले असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

मिस्त्री, मालक आणि कागद

ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमीन असतो, असे हदीसमध्ये आले आहे. गाडीखालून बाहेर येऊन "लायनर अजून दोन महिने जातील" असे सांगणारा मिस्त्री केवळ अंदाज देत नाही. तो साक्ष देत असतो. गिऱ्हाईक गमावण्याच्या भीतीने त्याने दोष लपवू नये आणि कमाईच्या लोभाने नसलेला दोष दाखवू नये. दुसऱ्या बाजूला मालकाचेही कर्तव्य आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपण भाषणांत सांगतो. गॅरेजची उधारी मात्र हंगामापर्यंत ढकलतो. उधारी अटळ असेल तर ती दोघांच्या संमतीने लिहून ठेवावी. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराची 282 वी, देण्याघेण्याची लेखी नोंद करण्याबद्दलच आहे.

हीच बाब गाडीच्या कागदांना लागू पडते. एमएच 22 क्रमांकाची किती वाहने आज अशा माणसाच्या नावावर धावत असतील ज्याने ती कधीच विकून टाकली आहे! मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत, तर घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतराची नोंद कळवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल. म्हणजे थोडा खर्च वाचवण्यासाठी नाव बदलून न घेणारा नवा मालक आपल्या चुकीचा बोजा दुसऱ्याच्या मानेवर ठेवून रस्त्यावर उतरतो. करार पूर्ण करण्याची आज्ञा सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि कागद पूर्ण करणे हा कराराचाच भाग आहे.

तसेच पासिंगचे. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तपासणीच्या दिवसापुरते चांगले टायर दुसऱ्याकडून आणून चढवायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुळगुळीत टायर लावायचे, ही चलाखी निरीक्षकाला फसवू शकेल. पण ती तपासणी मुळात निरीक्षकासाठी नव्हती.

यावरून मालकीचा अर्थही ध्यानात येतो. आपण म्हणतो, गाडी माझी झाली. फिकहमध्ये मान्य झालेल्या एका हदीसचा आशय असा आहे, की वस्तूपासून मिळणारा लाभ त्याचाच, जो तिच्या नुकसानीची जबाबदारी उचलतो. लाभ आणि जबाबदारी यांची ताटातूट करता येत नाही. ज्याला भाडे हवे आहे, त्याने ब्रेकही स्वीकारावेत. ज्याला स्टिअरिंग हवे आहे, त्याने तडाही आपला मानावा. पहिल्यांदा मालक होणाऱ्या तरुणाला त्याच्या वडीलधाऱ्यांनी पेढे वाटण्याआधी एवढे जरूर सांगावे.

ज्यांनी पूर्वी दोष लपवून वाहन विकले असेल, त्यांनी केवळ तौबावर विसंबू नये. अल्लाहच्या हक्कांत अल्लाह क्षमाशील आहे. माणसांचे हक्क माणसांना परत द्यावे लागतात. ग्राहक सापडत असेल तर आजच जाऊन सांगावे, कारण ती गाडी या क्षणीही कोठल्यातरी रस्त्यावर धावत आहे. पैसे पुढेमागे देता येतील. ब्रेकची खबर मात्र उशिरा पोहोचून उपयोगाची नाही.

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल उपजीविका देवो आणि दिसणाऱ्या कामाइतकेच न दिसणारे कामही प्रामाणिकपणे करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.